चिंचोके, बटणे आणि सामाजिक स्तरीकरणाचा तास

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. बी. ए. द्वितीय वर्षाला सामाजिक स्तरीकरणाचा, म्हणजे समाजाच्या वरखाली थरांत होणाऱ्या विभागणीचा, घटक शिकवण्याचे ते माझे सहावे वर्ष होते. अर्पित (जन्माने मिळालेला) दर्जा आणि अर्जित (स्वतः मिळवलेला) दर्जा यांतील भेद, बंदिस्त आणि खुली स्तररचना, गतिशीलतेचे प्रकार, मार्क्स आणि वेबर यांच्या मांडणीतील फरक हे सगळे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहीत असत आणि त्यावर मी समाधानी होते. त्या वर्षी घटक संपल्यावर मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, ‘गरीब घरातली बहुतेक मुले मोठेपणीही गरीबच का राहतात?’, आणि नाव न घालता दोन ओळींत उत्तर लिहून द्यायला सांगितले. ४१ चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी २९ चिठ्ठ्यांमध्ये आळस, दारू, शिक्षणाची नावड किंवा नशीब यांपैकी एखादे कारण होते. स्तररचनेचा उल्लेख फक्त तीन चिठ्ठ्यांत सापडला. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील शेतमजुरी करतात किंवा दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, हे मला ठाऊक होते. पहाटे अंधारात उठून उसाच्या फडात उतरणाऱ्या आपल्याच आईला ही मुले नकळत आळशी ठरवत होती, आणि माझ्या शिकवण्याने त्यात काहीही फरक पडलेला नव्हता. त्या चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

त्याच उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात मला ‘स्टारपॉवर’ या खेळाची माहिती मिळाली. अमेरिकेत गॅरी शर्ट्‌स यांनी १९६९ च्या सुमारास तयार केलेले हे सिम्युलेशन आहे, म्हणजे समाजातील एखाद्या व्यवहाराची वर्गात चालवून पाहता येईल अशी छोटी प्रतिकृती. खेळातून समाज दाखवण्याची कल्पना तशी त्याहून जुनी आहे. आपल्याकडे घराघरांत मुले सुट्टीत जो ‘व्यापार’ खेळतात तो ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचे मूळ एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’मध्ये आहे; जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती एकवटली की भाडे भरणारे कसे कंगाल होत जातात हे लोकांना खेळता खेळता कळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९६० च्या दशकात विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी ‘सिमसॉक’ नावाचा एक संपूर्ण बनावट समाजच रचला. त्याला मात्र बरेच तास आणि बऱ्याच खोल्या लागतात. आमच्याकडे एक खोली, जमिनीला पक्के केलेले बाक आणि ४८ मिनिटांचा तास होता, म्हणून मी स्टारपॉवर निवडला आणि शनिवारी सकाळचे दोन तास सलग मागून घेतले.

साहित्य जमवणे सोपे होते. गावातल्या शिलाई साहित्याच्या दुकानातून मी चार रंगांची बटणे आणली आणि पाचव्या प्रकारासाठी घरचे चिंचोके घेतले. सोनेरी बटणाला ५० गुण, हिरव्याला २५, लालला १५, पांढऱ्याला १० आणि चिंचोक्याला ५. प्रत्येकाला पाच नगांचे एक बंद पाकीट मिळते आणि दहा मिनिटांत इतरांशी एकास एक अशी अदलाबदल करून आपले गुण वाढवायचे असतात. एकाच रंगाचे तीन, चार किंवा पाच नग जमले तर जादा गुण मिळतात. पहिल्या फेरीनंतर गुणांनुसार तीन गट पाडले जातात: सर्वांत वरचे चौकोन, मधले वर्तुळ, खालचे त्रिकोण. प्रत्येकाच्या खिशावर त्या आकाराचा कागद टाचणीने लावला जातो. ही विभागणी पूर्णपणे कर्तबगारीवर झाली असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात पाकिटे आधीच वेगवेगळी भरलेली असतात आणि दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक गटाला ज्या पिशवीतून नग काढायचे असतात त्या पिशव्याही वेगळ्या असतात. चौकोनांच्या पिशवीत सोनेरी आणि हिरवी बटणे, त्रिकोणांच्या पिशवीत बहुतेक चिंचोके. हे फक्त शिक्षकाला माहीत असते.

मूळ खेळात अदलाबदल करू इच्छिणाऱ्या दोघांनी एकमेकांचा हात धरायचा असतो आणि एकदा हात धरला की व्यवहार केल्याशिवाय किंवा फेरी संपल्याशिवाय तो सोडायचा नसतो. मी तो नियम फारसा विचार न करता तसाच वाचून दाखवला. पहिली फेरी मोठ्या गलक्यात पार पडली. गुण मोजताना मला दिसले की २४ मुलांनी फक्त मुलांशी आणि १७ मुलींनी फक्त मुलींशी व्यवहार केला होता. एका बाजारऐवजी माझ्या वर्गात दोन बाजार भरले होते, आणि मुलींचा बाजार लहान असल्यामुळे त्यांना हवे ते नग मिळण्याची शक्यता आधीच कमी झाली होती. नऊ चौकोनांमध्ये केवळ दोन मुली आल्या. कोणत्याही मुलीला कोणी अडवले नव्हते, कोणी तसे बोललेही नव्हते. तालुक्याच्या गावी चाळीस जणांच्या देखत मुलाचा हात धरायचा नसतो, एवढे एकच न लिहिलेले कलम पुरेसे होते. दुसऱ्या फेरीपासून मी रुमाल वाटले आणि हातात हात न देता रुमालाचे दोन टोक दोघांनी धरावे असे ठरवले. व्यवहार लगेच मोकळे झाले. लिंगभाव आणि आर्थिक संधी यांचा संबंध समजावताना मी पूर्वी जी आकडेवारी सांगत असे, तिच्याऐवजी आता हा रुमालच सांगते.

तिसऱ्या फेरीआधी मी जाहीर केले की चौकोनांनी उत्तम कामगिरी केल्यामुळे पुढचे नियम करण्याचा अधिकार त्यांना देण्यात येत आहे. नऊ जण कोपऱ्यात गेले आणि पाच मिनिटांत परतले. त्यांचा पहिला नियम असा होता की चौकोनाने मागितलेला नग त्रिकोणाने नाकारता कामा नये. दुसरा नियम असा की त्रिकोणांनी बाकावर न बसता मागच्या भिंतीशी उभे राहावे. दुसऱ्या नियमाचा गुणांशी काहीही संबंध नव्हता, त्यातून चौकोनांना एकाही गुणाचा लाभ होणार नव्हता, आणि तरी तो त्यांनी एकमताने नाही पण मोठ्या बहुमताने केला होता. विरोध केला तो दोन मुलींपैकी एकीने. ‘इतकं वाटतंय तर तू जा तिकडं,’ असे तिला सांगण्यात आले, आणि ती खरोखरच खिशावरचा चौकोन काढून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

भिंतीजवळ सतरा त्रिकोण होते. काहींनी खेळच सोडला आणि मोबाइल काढला. एकाने आपले चिंचोके खिडकीतून बाहेर टाकले. तिघांनी मात्र वेगळी शक्कल लढवली: आपापले चांगले नग एका मित्राला देऊन टाकले, म्हणजे तो तरी वर जाईल आणि मग आपल्याला मदत करील. तो वर गेला, वर्तुळांच्या बाकावर बसला, आणि पुढच्या फेरीत त्या तिघांपैकी एकाच्याही रुमालाचे टोक त्याने धरले नाही. उरलेल्या त्रिकोणांनी वर्तुळांपुढे प्रस्ताव ठेवला की दोन्ही गटांनी व्यवहार बंद करावेत, म्हणजे चौकोनांचे नियम आपोआप निरर्थक होतील. संख्येने दोन्ही गट मिळून चौकोनांच्या तिपटीहून अधिक होते. वर्तुळांनी थोडी कुजबुज केली आणि नकार दिला, कारण त्यांच्यातील दोघे चौकोन होण्यापासून फक्त १० गुण दूर होते आणि उरलेल्यांना भिंतीशी उभे राहण्याची वेळ आपल्यावर येऊ नये अशी चिंता होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला नुसती विषमता न म्हणता श्रेणीबद्ध विषमता का म्हटले, हे मी सहा वर्षे शिकवत होते. सर्वांत खालच्या थराखेरीज प्रत्येकाच्या पायाखाली आणखी कोणीतरी असते, प्रत्येकाला गमावण्यासारखे काहीतरी असते, आणि म्हणून खालचे सगळे मिळून वरच्यांविरुद्ध उभे राहू शकत नाहीत, हा त्या मांडणीचा गाभा आहे. वर्तुळांचा तो नकार ऐकला तेव्हा ही मांडणी मलाच नव्याने समजली. मधला थर हाच या खेळाचा खरा अभ्यासविषय आहे असे माझे तेव्हापासून मत झाले आहे, आणि ज्या शिक्षकांची नजर फक्त चौकोनांच्या उर्मटपणावर किंवा त्रिकोणांच्या संतापावर खिळून राहते त्यांच्या हातून या खेळातील सर्वांत मोलाची गोष्ट निसटते.

यानंतर माझ्याकडून चूक झाली. घंटा वाजायला तीन मिनिटे उरली असताना मी पाकिटांचे आणि पिशव्यांचे गुपित सांगितले आणि चर्चा सोमवारी करू असे म्हणून वर्ग सोडला. सोमवारी चौकोन आणि त्रिकोण वर्गात वेगवेगळ्या बाजूंना बसलेले होते. शनिवारी घरी जाताना एस. टी.च्या थांब्यावर दोघांत भांडण झाल्याचेही कळले. खेळ संपल्यावर विद्यार्थी ज्या भावनांत असतात त्यांतून त्यांना बाहेर आणणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते दोन दिवसांवर ढकलता येत नाही. आता मी खेळाला जितका वेळ देते त्याच्या दीडपट वेळ चर्चेला त्याच दिवशी राखून ठेवते. आधी खिशावरचे कागद काढून टोपलीत टाकायचे, जागा बदलून बसायचे, मग प्रत्येकाने आपल्याला काय वाटले ते सांगायचे, मग नेमके काय घडले त्याचा क्रम फळ्यावर लावायचा, आणि त्यानंतरच पिशव्या सर्वांसमोर रिकाम्या करायच्या. संकल्पनांची नावे अगदी शेवटी येतात. गुपित आधी फुटले तर सगळा दोष पिशव्यांवर जातो आणि भिंतीशी उभे राहण्याचा नियम आपण स्वतःच केला होता याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

पिशव्या रिकाम्या केल्यानंतरही सगळे पटतेच असे नाही. एका वर्षी चौकोन गटातील एक विद्यार्थी समोर सांडलेल्या बटणांकडे पाहत म्हणाला, ‘मॅडम, पिशवी वेगळी होती हे मान्य, पण आम्ही डोकंही लावलं ना.’ त्याचे म्हणणे मी खोडून काढले नाही. अमेरिकेत पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञांनी मोनोपॉलीच्या डावात नाणे उडवून एका खेळाडूला दुप्पट पैसे आणि जादा फासा दिला होता, आणि जिंकल्यानंतर असे खेळाडू त्या नाण्याविषयी न बोलता स्वतःच्या चालींविषयीच बोलत असत, एवढे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. पुढच्या आठवड्यात त्याने विचारले की स्पर्धा परीक्षेच्या पुण्यातील शिकवणीची फी भरू शकणारा आणि न भरू शकणारा यांच्या पिशव्यांचा हिशेब कसा करायचा. त्या प्रश्नावर आमचा एक पूर्ण तास गेला.

दुसऱ्या वर्षी माझा आत्मविश्वास वाढला आणि मी अधिक मोठी चूक केली. बटणे आणि आकार फार अमूर्त वाटतात, आपल्याच गावाची प्रतिकृती केली तर विषय अधिक भिडेल, असे मला वाटले. म्हणून मी बागायतदार, दुकानदार, शिक्षक, अल्पभूधारक, सालगडी अशा चिठ्ठ्या तयार केल्या आणि त्या वर्गात फिरवल्या. ज्याच्या हाती सालगड्याची चिठ्ठी आली, त्याचे वडील खरोखरच सालगडी होते. हे मला ठाऊक नव्हते. वर्गाला ठाऊक होते. कोणी काही वाईट बोलले नाही. मागच्या बाकावर दोघेजण हसले, आणि तेवढे पुरेसे होते. त्याने खेळ शेवटपर्यंत खेळला, नीट खेळला, आणि त्यानंतर चार दिवस तो महाविद्यालयात आला नाही. मी निरोप पाठवल्यावर तो आला आणि म्हणाला, ‘मॅडम, चिठ्ठी कुणाला तरी येणारच होती. पण बाकीच्यांसाठी तो खेळ होता, माझ्यासाठी नव्हता.’

मी त्याची माफी मागितली. त्या दिवसापासून जात, धर्म किंवा खराखुरा व्यवसाय यांची भूमिका कोणत्याही विद्यार्थ्याला चिठ्ठीने द्यायची नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ आणि कनिष्ठ ठरवून भेदभावाचा अनुभव दिला होता. त्या प्रयोगावर आजही टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे असे मला वाटते. तरीही एक गोष्ट एलियटबाईंनी विचारपूर्वक केली होती: त्यांचे सगळे विद्यार्थी गोरे होते आणि डोळ्यांचा रंग ही त्यांच्या गावात भेदभावाची खूण नव्हती. शिवाय नंतर त्यांनी भूमिका उलटवल्या. आमच्या वर्गात जात उलटवता येत नाही. ती आधीच खोलीत बसलेली असते, आडनावात, गावच्या नावात, डबा कोणाबरोबर उघडला जातो त्यात. म्हणून खेळ बटणांचाच असावा आणि चर्चेत जातीचा विषय कोणी स्वतःहून काढला, तर त्याला पूर्ण जागा द्यावी, असे मी ठरवले आहे. तो विषय दरवर्षी निघतो, आणि ज्याला बोलायचे असते तोच काढतो.

पाण्याचा खेळ मात्र आम्ही स्थानिक संदर्भात खेळतो, कारण त्यात भूमिका कोणाच्या घराशी बांधलेली नसते. वर्गाचे आठ गट म्हणजे आठ कुटुंबे. प्रत्येकाला जमीन आणि माणसे यांचा आकडा दिलेला, आणि एका तलावाच्या पाण्याच्या ४० चिठ्ठ्या मध्ये ठेवलेल्या. पहिल्या डावात जमिनीच्या प्रमाणात पाणी वाटले जाते, आणि तीन कुटुंबांकडे ३१ चिठ्ठ्या जातात. दुसऱ्या डावात तेच पाणी माणशी वाटले जाते. हा दुसरा नियम मी कल्पनेने बनवलेला नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसाला जोडला होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मनाई अशी तिची कलमे होती. हे मी दोन्ही डाव संपल्यावर सांगते. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेल्या गावांतून येणारी मुले, जी एरवी तासाला तोंड उघडत नाहीत, या खेळात सर्वांत जास्त बोलतात. संस्था म्हणजे इमारत किंवा कार्यालय नव्हे, संस्था म्हणजे पाळले जाणारे नियम, हे वाक्य या खेळाच्या आधी मला फळ्यावर लिहून पुन्हा पुन्हा समजवावे लागत असे.

वर्गात गोंधळ होतो अशी तक्रार शेजारच्या वर्गातून काही वेळा आली आणि ती खोटी नव्हती. एवढ्या वेळात दोन घटक शिकवून झाले असते, असेही मला सांगण्यात आले. चिठ्ठ्यांचा तो पहिला प्रश्न मी दरवर्षी खेळाच्या आधी आणि महिनाभराने विचारते. आळस, दारू आणि नशीब ही उत्तरे नाहीशी झालेली नाहीत. गेल्या वर्षी महिनाभरानंतरही ती १४ चिठ्ठ्यांत होती. इतर चिठ्ठ्यांमध्ये मात्र उत्तरांच्या जागी प्रश्न येऊ लागले आहेत, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

यंदा अंतर्गत मूल्यमापनासाठी मी विद्यार्थ्यांनाच खेळ तयार करायला सांगितला. ज्यांचे घर ऊसतोडीला जाते अशा पाच जणांनी आपण होऊन ऊसतोडीचा खेळ निवडला. मला जुनी गोष्ट आठवली आणि मी त्यांना स्पष्टपणे विचारले की हा खेळ वर्गात खेळला जावा असे त्यांना वाटते का. त्यांनी दोन दिवस आपसात बोलून अट घातली: मजुरांच्या भूमिका ज्यांच्या घरचे तोडीला जात नाहीत त्यांनीच करायच्या, आणि हे पाच जण नियम सांभाळतील. नियमांची वही मी वाचली आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधी मिळणारी उचल, टनाचा दर, खाडा झाला तर त्या दिवसाचा दंड, हंगामाअखेर उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच टोळीत जाण्याची सक्ती, हे सगळे त्यात कलमवार आहे. मुकादमाची भूमिका करणारा मुलगा त्याला खलनायक करायला तयार नाही, कारण मुकादमानेही कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि मजूर पळाला तर ती त्याच्या अंगावर येते, हे त्याने मला सविस्तर समजावले.

वहीत एकच कलम अपुरे आहे. गटातील मुलीने विचारले होते की बाई आजारी पडली आणि खाडा झाला, तर दंड कोणाच्या नावावर लिहायचा, कारण उचल पुरुषाच्या नावावर दिलेली असते आणि बाईचे नाव मुकादमाच्या वहीत कुठेच नसते. चौघा मुलांनी आपापल्या घरी फोन करून विचारले. चार वेगवेगळी उत्तरे आली. तिने ती चारही उत्तरे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत, आणि तिची आई फडावरून परत येईपर्यंत ते कलम पक्के करायचे नाही असे गटाने ठरवले आहे.